दगड पक्का, माल पक्का, मग भिंत का फुटते?

दाबयंत्राखाली मोडलेला एक नमुना बरीच वर्षं माझ्या टेबलावर आहे. ५४ मिलिमीटर व्यासाची कांडी. खालचा अर्धा भाग तांबूस वाळूखडकाचा, वरचा अर्धा सिमेंटच्या मालाचा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा, आणि दोघांमधला सांधा आडवा नाही, साठ अंशांनी तिरका. त्याच खडकाची अखंड कांडी आम्ही आधी दाबून पाहिली होती, त्याच मालाचीही पाहिली होती. दोन्हींनी भरपूर भार घेतला. जोडकांडी मात्र त्यातल्या दुबळ्या अर्ध्याच्याही कितीतरी आधी गेली. दगड फुटला नाही, माल फुटला नाही. वरचा तुकडा खालच्यावरून सरळ घसरला. दगडाच्या कापलेल्या तोंडावर मालाची पातळ राखाडी साय तेवढी चिकटून राहिली आहे. नखानं खरवडली तर निघते.

विद्यार्थ्यांच्या हातात ती कांडी देऊन मी विचारतो, यात कच्चं काय होतं? कुणी म्हणतं माल, कुणी म्हणतं दगड. सांध्याचं नाव बऱ्याच वेळानं येतं.

घर बांधताना किंवा जुना वाडा दुरुस्त करताना आपणही असाच विचार करतो. दगड चांगला आणा, सिमेंटचा हात सढळ ठेवा, भिंत पक्की होणारच. पण दगड आणि माल एकत्र आले की जे तयार होतं ती दोघांच्या ताकदीची बेरीज नसते. त्या जोडपदार्थाची मोडण्याची स्वतःची रीत असते, आणि ती ठरते दोघांच्या स्वभावातल्या फरकावर आणि मधल्या दरजेवर, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यावर. मला या लेखात जे पटवून द्यायचं आहे ते सुरुवातीलाच सांगतो: दगडी भिंतीत माल दगडापेक्षा मऊ असावा लागतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. सिमेंट हाताशी आल्यावर आपण ते सोडून दिलं आणि आज कितीतरी जुन्या इमारतींचा दगड त्यापायी झिजतो आहे.

एकाच घराण्यातले दोघे

वाळूखडक आणि माल हे खरं तर चुलतभाऊ. राजगिऱ्याची चिक्की डोळ्यांसमोर आणा: दाणे, आणि त्यांना धरून ठेवणारा पाक. वाळूखडकात दाणे म्हणजे वाळूचे, बहुतेक क्वार्ट्झचे कण. पाक म्हणजे त्यांच्या फटींत जमिनीखालच्या पाण्यानं आणून बसवलेलं सिलिका, कॅल्साइट, लोहाचं ऑक्साइड किंवा नुसती चिकणमाती. मालातही दाणे वाळूचेच असतात. पाक चुन्याचा किंवा सिमेंटचा. एकाला जमून यायला कोट्यवधी वर्षं लागली, दुसऱ्याला आपण अठ्ठावीस दिवस देतो.

चिक्की कडक की ठिसूळ हे पाकावर ठरतं, तसंच इथे. सिलिकानं घट्ट बांधलेला वाळूखडक १०० मेगापास्कलच्या पुढेही दाब सोसतो. मातीनं बांधलेला २० लाही फुटू शकतो. मेगापास्कल हा शब्द पुढे सारखा येणार आहे, म्हणून त्याचा अंदाज आत्ताच घेऊ. १ मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, साधारण १० किलोचं वजन. चुन्याचा माल १ ते ३ मेगापास्कलला चुरडतो. एकास सहाचा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सिमेंटचा माल ३ ते ५ ला, आणि एकास तीनचा १० च्या पुढे जातो.

दिल्ली-आग्र्याच्या लाल इमारतींचा दगड विंध्य खडकांतला. करौली, धोलपूर, भरतपूर या भागांत त्याच्या खाणी आजही चालू आहेत. आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या बेसाल्टचा, पण विदर्भात वाळूखडक आहे. नागपूरजवळच्या कामठीचं नाव भूशास्त्रात वाळूखडकाच्या एका थरसमूहाला मिळालं आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याची देवळं वाळूखडकात कोरलेली आहेत.

या खडकाची एक खोड गवंड्यानं आणि इंजिनिअरनं कायम लक्षात ठेवावी. तो थराथरानं साठलेला असतो, त्यामुळे त्याची ताकद सगळ्या दिशांना सारखी नसते. खाणीत जे थर आडवे होते ते भिंतीतही आडवेच राहिले पाहिजेत. दगड उभा करून थर भिंतीच्या तोंडाला समांतर आले, की पाणी आणि ऊन मिळून काही वर्षांत त्याचे पापुद्रे सोलायला लागतात. तिथे दगडाचा दोष नसतो, तो लावणाऱ्या हाताचा असतो.

कुतुबमिनारचा हिशेब

भिंत पडली की पहिला संशय वजनाचा येतो. भार जास्त झाला, दगड दबून फुटला. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि ते कागदावर दोन मिनिटांत दिसतं.

कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच. तळाशी व्यास १४.३ मीटर, माथ्याशी जेमतेम पावणेतीन. दगडी बांधकामाचं वजन घनमीटरला २३०० किलो धरलं आणि मनोरा वर निमुळता होत जातो हे हिशेबात घेतलं, तर तळाच्या दगडावर सरासरी दाब येतो सुमारे ०.७ मेगापास्कल. म्हणजे करंगळीच्या नखावर ७ किलो. एवढा प्रचंड मनोरा, आणि तळाचा दगड आपल्या ताकदीचा लहानसा अंशही वापरत नाही. दहा मीटर उंचीच्या साध्या भिंतीच्या तळाशी तर पाव मेगापास्कलही भरत नाही. चुन्याच्या मालालाही तो भार सहज झेपतो.

मग भिंती का फुटतात? कारण दाब फार कमी वेळा नुसता दाब म्हणून राहतो. पाया एका बाजूनं खचला की तो वाकवतो, भूकंपात ढकलतो. आणि अगदी सरळ उभा दाब असला, तरी दगड आणि माल यांच्या स्वभावातल्या फरकातून तो आतल्या आत ताण निर्माण करतो. या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबू, कारण ती समजली की बाकीचं सोपं होतं.

कुठलीही वस्तू वरून दाबली की ती बाजूंना थोडी फुगते. मऊ वस्तू जास्त फुगते. भिंतीत दोन कडक दगडांच्या मध्ये मऊ मालाचा थर असतो. भार आला की माल बाहेर पसरू बघतो, पण वरखालचे दगड त्याला धरून ठेवतात. वाळूचा ढीग पायाखाली पसरतो. तीच वाळू पोत्यात भरली की तिच्यावर माणूस उभा राहतो. दरजेतला माल म्हणजे ती वाळू, आणि पोतं म्हणजे दगड. म्हणून एकटा असताना २ मेगापास्कलला चुरडणारा चुन्याचा माल भिंतीत त्याच्या कितीतरी पट दाब सोसतो. पण पोत्याचं कापड ताणलेलं असतं, हे विसरू नका. माल जेवढा पसरू बघतो तेवढा दगड आडवा ताणला जातो. आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताणात त्याची ताकद दाबाच्या एक-दशांशाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. शेवटी काय होतं? भार वरून खाली, पण दगडात भेगा उभ्या. खांब चिरडला जात नाही, तो उभा फाटतो. हे गणित हिल्सडॉर्फ या संशोधकांनी १९६९ मध्ये विटांच्या भिंतीसाठी मांडलं, आणि दगडी कामालाही ते तसंच लागू पडतं.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. मालाचा थर जितका जाड तितका तो जास्त पसरणार आणि दगड जास्त ताणला जाणार. चांगला गवंडी दरज बारीक ठेवतो त्यामागे देखणेपणा आहेच, पण ताकदही आहे. वाकड्यातिकड्या दगडांची फट मालानं बुजवून घेणारं काम लवकर उरकतं, पण त्या भिंतीची पुढची सगळी वर्षं त्यात वाया जातात.

ताण मोजायचा कसा

दगड ताणात किती कच्चा आहे हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. लोखंडाची सळई दोन्ही टोकांना पकडून ओढता येते. दगड पकडायला गेलं तर पकडीतच चुरा होतो. यावर उपाय सापडला तो ब्राझीलमध्ये, १९४३ च्या सुमारास. रिओ द जानेरो शहरात नवा रुंद रस्ता काढायचा होता आणि वाटेत एक जुनं चर्च होतं. ते पाडण्याऐवजी खाली रूळ, म्हणजे लाटण्यासारखे गोल दंड, घालून सरकवावं असा विचार झाला, आणि पोलाद महाग म्हणून काँक्रीटचे रूळ वापरता येतील का, हे तपासायचं काम फर्नांडो लोबो कार्नेरो या इंजिनिअरकडे आलं. त्यांनी रूळ आडवे ठेवून वरून दाबले. प्रत्येक रूळ व्यासाच्या रेषेत उभा चिरला जाई, नारळ फुटावा तसे दोन अर्धे. दाबून ताण मोजण्याची युक्ती त्यातच होती. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तिला ब्राझिलियन चाचणी म्हणतात. चर्च मात्र सरकवलं गेलं नाही, ते पाडलंच.

हीच चाचणी जोडनमुन्यावर केली तर फार बोलकी ठरते. चकतीचा अर्धा भाग दगड, अर्धा माल आणि सांधा बरोबर दाबाच्या रेषेत ठेवला, की दोन्ही अर्धे अगदी कमी भारात अलग होतात. सांध्याची ताणातली ताकद बहुधा मेगापास्कलच्या काही दशांशांतच असते. दगडाच्या स्वतःच्या ताणशक्तीपुढे ती काहीच नाही.

तिरका सांधा

आता माझ्या टेबलावरच्या कांडीकडे परत येऊ. सांधा आडवा असता तर वरून दाबल्यावर आधी माल फुटला असता. मग त्या भेगा सांधा ओलांडून दगडात शिरल्या असत्या किंवा सांध्याशीच थांबल्या असत्या. सांधा अगदी उभा असता तर दोन्ही अर्ध्यांनी भार वाटून घेतला असता. साठ अंशांना मात्र दोघांपैकी कुणालाच फुटायची गरज पडत नाही, घसरणं सोपं असतं.

हा नियम सापडला त्याची गोष्ट मला फार आवडते. विजेच्या प्रभाराचं एकक ज्याच्या नावानं आहे तो कुलोम मुळात लष्करी इंजिनिअर होता. कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर त्यानं आठ वर्षं एक किल्ला बांधण्यात घालवली. दगड, चुना, माती, तटाला रेटणारा भराव, सगळं हाताखालून गेलेलं. परत आल्यावर १७७३ मध्ये त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला, आणि त्यात ते सूत्र होतं जे आम्ही आजही फळ्यावर लिहितो: घसरण्याला होणारा विरोध म्हणजे चिकटपणा अधिक घर्षण, आणि घर्षण वरच्या दाबाबरोबर वाढतं.

उतरत्या फळीवर ठेवलेलं पुस्तक आठवा. फळी थोडी तिरकी असेपर्यंत घर्षण त्याला धरून ठेवतं, एका कोनापुढे ते निसटतं. तो घर्षणकोन. सांध्याचंही तसंच. सगळ्यात घातक कोन निघतो ४५ अंश अधिक घर्षणकोनाचा निम्मा भाग. दगड-मालाचा घर्षणकोन साधारण ३० ते ३५ अंश, म्हणून घात होतो साठीच्या आसपास.

प्रत्यक्ष भिंतीत दरजा आडव्या असतात आणि भार उभा, त्यामुळे एरवी घसरणं नसतं. उलट वरच्या वजनानं घर्षण वाढून दरज आणखी घट्ट होते. कमानीतल्या दगडांच्या फटी बघा, त्या पंख्याच्या काड्यांसारख्या एका केंद्राकडे वळलेल्या असतात. भार जसा वळतो तशी दरज वळवलेली, म्हणजे दाब नेहमी तिच्यावर काटकोनात पडावा. ज्यांनी त्या कमानी रचल्या त्यांनी सूत्र वाचलं नव्हतं, दगड कधी निसटतो ते पाहिलं होतं. भूकंपात मात्र जमीन आडवी ढकलते, भाराची दिशा तिरकी होते आणि भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांची भेग उमटते: आडव्या दरजेतून, मग उभ्या, पुन्हा आडव्या.

ती साय कशी तयार होते

सांधा इतका कच्चा का राहतो? वाळूखडक सच्छिद्र असतो आणि कोरडा असला की तो पाणी शोषतो. त्याच्या कोरड्या तोंडावर ओला माल थापला की दगड मालातलं पाणी ओढून घेतो. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. नेमकं जिथे चिकटायचं तिथेच ते उरत नाही. मग मिठी बसण्याऐवजी भुसभुशीत थर बसतो. म्हणून जाणता गवंडी आधी दगडावर पाणी मारतो. पण दगड निथळत असताना माल लावला तरी चालत नाही, कारण मग मध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो आणि तो सुकला की पोकळी. आतून ओला आणि वरून कोरडा दिसणारा दगड हवा. हे हातालाच कळतं, मीटरनं मोजण्याआधी.

काँक्रीटमध्येही खडीच्या प्रत्येक तुकड्याभोवती असा जास्त सच्छिद्र, दुबळा थर असतो. केसाच्या जाडीहूनही पातळ. काँक्रीटच्या पहिल्या भेगा बहुधा तिथूनच सुरू होतात. त्यातून कापकामाची धूळ दगडावर राहिली असेल तर माल दगडाला चिकटतच नाही, धुळीला चिकटतो. करवतीनं कापलेल्या गुळगुळीत तोंडापेक्षा पाथरवटानं टाकीनं घडवलेलं तोंड माल चांगला धरतं, कारण खाचांमध्ये तो रुतून बसतो.

मग सांधा जमेल तितका पक्का करावा का? इथेच मला थोडं थांबवावंसं वाटतं. अखंड दगडात भेग पडली की ती आरपार जाते. भिंतीत चालत आलेली भेग दरजेशी पोचते, आणि दरज मऊ असेल तर ती तिथे वळते, तिची धार बोथट होते. दरज हीच भेगेला अडवणारी जागा. ती दगडाइतकी कडक केली तर भिंतीचा एक मोठा ठिसूळ दगड होतो.

चुना गेला, सिमेंट आलं

आपल्या अनेक गडांवर चुन्याची घाणी अजून दिसते. जमिनीत दगडाची गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल जुंपून वाळू-चुना तासन्‌तास मळायचे. भट्टीतून आलेला कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरवायचा, मग मळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडीकडे परततो, अगदी सावकाश. जाड भिंतीच्या पोटात वर्षानुवर्षं हे काम चालू असतं. त्यामुळे भिंत हलली, बसली, उन्हानं पसरली तरी माल थोडा वाकून घेतो. बारीक भेग पडलीच तर पावसाचं पाणी त्यातला चुना विरघळवून भेगेत पुन्हा बसवतं, आणि भेग भरून येते.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याचं. विसाव्या शतकात ते सगळीकडे पोचलं, आणि जुन्या भिंतींच्या दरजा सर्रास सिमेंटनं भरल्या जाऊ लागल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या भिंतीच्या आत काय होतं ते पाहा. आतला माल चुन्याचा, मऊ. बाहेरचे दोन-तीन सेंटीमीटर सिमेंटचे, कडक. भार कडक भागाकडे धावतो. म्हणजे आख्ख्या दगडावर पसरणारं वजन दगडाच्या बाहेरच्या कडेवर येऊन पडतं. कड फुटते, टवका उडतो. टवक्याच्या जागी लोक पुन्हा सिमेंट भरतात.

उन्हाचंही असंच. दहा मीटर लांबीची वाळूखडकाची भिंत तापमान ३० अंशांनी वाढलं की साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर लांब होऊ बघते. चुन्याच्या दरजा ते आपापसांत वाटून घेतात, प्रत्येकीच्या वाट्याला केसभर. सिमेंटच्या दरजा वाटून घेत नाहीत. मग एकाच जागी मोठी भेग पडते, आणि दगड दुबळा असेल तर ती दगडातून जाते.

सगळ्यात मोठं नुकसान पाणी करतं. भिंतीतला ओलावा बाहेर पडायला वाट शोधतो. चुन्याची दरज श्वास घेते, ओल तिथून उडून जाते. सिमेंटनं ती वाट बंद केली की ओल दगडातून बाहेर पडते आणि विरघळलेले क्षार दगडाच्या तोंडाशी आणून सोडते. पाणी उडालं की क्षाराचे स्फटिक वाळूच्या कणांमधल्या छिद्रांत वाढतात आणि आतून रेटतात. कण सुटतो, मग शेजारचा. काही वर्षांनी भिंतीकडे पाहिलं तर सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड वाटीसारखा खोल गेलेला दिसतो. अशा दगडावरून मी हात फिरवला आहे. वाळू बोटांना लागते, ताज्या रव्यासारखी. दरज खराब झाली असती तर ती खरवडून पुन्हा भरता आली असती. तो कोरीव दगड परत कुठून आणणार?

शिवाय ओला वाळूखडक कोरड्यापेक्षा मुळातच दुबळा असतो. चिकणमातीचा पाक असलेल्या दगडाची ताकद भिजल्यावर कधीकधी निम्म्यावर येते. म्हणून ओल अडकवून ठेवणारी दुरुस्ती दगडाला दुप्पट महाग पडते.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचं जतनकाम आगाखान ट्रस्ट आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलं, ते २०१३ मध्ये पुरं झालं. त्यात छतावरून विसाव्या शतकात घातलेलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हातानं फोडून काढावं लागलं आणि तिथे पुन्हा चुन्याचं काम केलं. दहा लाख किलो! एवढं ओझं त्या घुमटांच्या खांद्यावर संरक्षणाच्या नावाखाली चढवलेलं होतं.

किल्लारी

मऊ माल चांगला, हे वाचून कुणी मातीच्या मालाकडे वळू नये, म्हणून हेही सांगायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. ती घरं दगडाचीच होती, काळ्या बेसाल्टची, आणि बेसाल्टची ताकद वाळूखडकाहून पुष्कळ जास्त. भिंती दोन-दोन फूट जाड, वर मातीचं जड माळवद. पण दगड अनघड, गोलसर. माल म्हणजे नुसती माती. आणि मुख्य म्हणजे भिंत एकजीव नव्हती. आतली एक रांग, बाहेरची एक रांग, मध्ये दगडगोट्यांचा भराव. दोन्ही रांगांना शिवणारा आरपार दगडच नव्हता. हादरे बसले तशा रांगा एकमेकींपासून फाकल्या, बाहेरची बाहेर कोसळली, आतली आत, आणि वरचं माळवद खाली आलं.

कुलोमच्या सूत्रात चिकटपणा जवळपास शून्य झाला की उरतं फक्त घर्षण, आणि जमीन हलायला लागली की घर्षणाचा भरवसा राहत नाही. त्या घरांत माणसांना मारणारा दगड कच्चा नव्हता. दगडांना एकमेकांशी बांधणारं काही नव्हतं. भारतीय मानक ब्यूरोचं कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीचं मानक सांगतं की भिंतीत आरपार जाणारा जोडदगड आडव्या दिशेनं जास्तीत जास्त १.२ मीटरवर आणि उंचीत ६०० मिलिमीटरवर असावा. गावात कुणी दगडी भिंत उचलत असेल तर कृपा करून एवढी एक गोष्ट बघा. तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

दोन रांगांची भिंत भूकंपाशिवायही दगा देते. इटलीतल्या पाविया शहरात अकराव्या शतकापासून उभा असलेला मनोरा १७ मार्च १९८९ रोजी अचानक कोसळला, चार माणसं दगावली. ना भूकंप, ना वादळ. त्याच्या भिंतींना बाहेरून विटांचं पातळ कवच होतं आणि आत दगडविटांच्या तुकड्यांचा, चुन्यात बसवलेला जाड गाभा. तपासात दिसलं की शतकानुशतकांच्या कायम भाराखाली गाभा किंचित किंचित सरकत, खचत गेला होता. प्रयोगशाळेत आम्ही नमुना दहा मिनिटांत फोडतो. तोच पदार्थ त्याहून कमी भाराखाली शंभर वर्षं ठेवला तरी मोडू शकतो, फक्त त्याची वाट पाहायला आम्ही नसतो.

भेग वाचताना

तुमच्या वाड्याला, देवळाला, शाळेच्या जुन्या इमारतीला भेग गेली असेल तर सिमेंटची पाटी आणण्याआधी ती नीट बघा. भेग दरजांमधून पायऱ्यापायऱ्यांनी गेली असेल, तर पाया हलला आहे किंवा आडवा धक्का बसला आहे, पण दगड शाबूत आहेत. कारण शोधून दरजा पुन्हा भरता येतील, जुना माल चुन्याचा असेल तर चुन्यानंच. भेग दगडांना कापत सरळ गेली असेल तर माल दगडापेक्षा कडक झालाय का, ते विचारा. खांबाच्या अनेक दगडांत एकदम बारीक उभ्या चिरा दिसल्या तर थांबू नका, खांबाला आधार देऊन जाणकाराला त्याच दिवशी बोलवा. तो ताणलेल्या पोत्याचा प्रकार आहे. आणि भिंतीला पोट आलं असेल, ओळंबा सोडल्यावर मध्ये फुगवटा दिसत असेल, तर दोन रांगा सुटत चालल्या आहेत. तिथे झोपू नका, मुलांना खेळू देऊ नका.

भेग जुनी आहे की अजून चालू आहे हे कळायला एक फार जुनी, स्वस्त रीत आहे. काचेची पातळ पट्टी घ्यायची, बोटभर रुंद. भेगेच्या दोन्ही बाजूंना तिची टोकं प्लास्टरनं पक्की चिकटवायची आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलनं तारीख लिहायची. मग दर पंधरा दिवसांनी नुसतं बघायचं, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. काच अखंड राहिली तर भेग थांबलेली आहे. काच तडकली तर तडकल्याचा दिवस तिच्याच खाली लिहा आणि शेजारी नवी पट्टी लावा.